काम्पोटला राहायला जाताय? आधी वर्षभर भाड्याने राहा

कंबोडियाच्या दक्षिण टोकाला, बोकोर डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी काम्पोट नावाचं गाव आहे. म्हणायला प्रांताचं मुख्य ठिकाण, पण जीव आपल्या सावंतवाडीएवढा. मधल्या चौकात सिमेंटचा भलामोठा डुरियन उभा आहे. फणसाचा उग्र वासाचा चुलतभाऊच म्हणा. पत्ता विचारला की सगळे तिथूनच सुरुवात करतात. नदी समुद्राला मिळते तिकडे मिठागरं, गावाबाहेर लाल मातीत मिरीचे मळे, दुपारी सगळं कसं सुस्त. कोकणातल्या माणसाला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटतं आणि नेमकं तिथेच आपण फसतो. ओळखीचं दिसतं म्हणून ओळखीचंच असणार असं धरून चालतो.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर तिथे चौदा महिने काढले. त्यात जे चुकत-माकत शिकलो ते क्रमाने लिहितो.

आधी ऋतू बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि सुखाची. एप्रिल भाजून काढतो, शिवाय एप्रिलच्या मध्यावर ख्मेर म्हणजे कंबोडियन नववर्ष येतं तेव्हा गाव बंद आणि गाड्या भरलेल्या. मे ते ऑक्टोबर पाऊस. बोकोर डोंगर समुद्राकडून येणारे ढग अडवतो, त्यामुळे इथला पाऊस आपल्या आंबोलीची आठवण करून देतो. फिरायला जायचं तर हिवाळा धरा. राहायला जायचा विचार असेल तर मात्र पहिली फेरी ऑगस्ट-सप्टेंबरात मारा. जानेवारीत जे घर ‘नदीकाठचं, हवेशीर’ वाटतं, त्याच्या अंगणात सप्टेंबरात किती पाणी येतं ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

व्हिसा: ‘टी’ नको, ‘ई’ घ्या

भारतीय पासपोर्टवर दोन प्रकार उपयोगाचे. टी म्हणजे पर्यटक व्हिसा, ३० डॉलर, ३० दिवस, आणि तो एकदाच महिनाभर वाढतो. ई म्हणजे साधा व्हिसा, ३५ डॉलर, सुरुवातीला तोही ३० दिवसांचाच. पण पुढे वर्षापर्यंत वाढतो तो हा. पाच डॉलर वाचवायला टी घेऊन आलेले आणि मग सीमेपलीकडे जाऊन नवा व्हिसा काढून परत येणारे आम्ही तिथे बरेच पाहिले.

ई-व्हिसा काढताना संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट केएच’ आहे ना ते बघा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट पैसे उकळतात. ई-व्हिसा सगळ्याच सीमानाक्यांवर चालत नाही, विमानतळावर चालतो. उतरण्याआधी आठवडाभरात ऑनलाइन आगमन अर्ज भरायचा असतो, तो फुकट आहे.

वाढीव मुदतीचे चार प्रकार आहेत: नोकरी-धंदेवाल्यांना ईबी, निवृत्तांना ईआर, काम शोधणाऱ्यांना ईजी, विद्यार्थ्यांना ईएस. ईआरला वयाची आणि पेन्शनची कागदपत्रं लागतात. आमचं पेन्शनचं पत्र मराठीत होतं. ते इंग्रजीत करून घेण्यात पंधरा दिवस गेले, म्हणून ते निघण्याआधीच करा. एक आणि तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर एकदा देशाबाहेर पडलात की ती संपते. सहा आणि बारा महिन्यांची असेल तर ये-जा करता येते. हे काम एजंट करतात आणि वर्षाच्या मुदतवाढीला तीनशे डॉलरच्या आसपास लागतात. मुदत उलटली तर दिवसाला दहा डॉलर दंड.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तुम्ही जिथे राहता त्या घरमालकाने किंवा लॉजवाल्याने तुमची नोंद परदेशी नागरिकांच्या सरकारी प्रणालीत करायला हवी. ती नसेल तर मुदतवाढ अडते. घर ठरवतानाच मालकाला हे विचारून घ्या. ‘करतो, करतो’ म्हणणारा मालक नंतर सापडत नाही.

इथेच तरुण वाचकांसाठी दोन शब्द. ‘कंबोडियात डेटा एंट्री, महिना लाखभर पगार, तिकीट आमचं’ अशी नोकरी कोणी दाखवली तर जाऊ नका. सायबर फसवणुकीच्या बंदिस्त अड्ड्यांवर नेऊन पासपोर्ट काढून घेतात. भारतातली कितीतरी मुलं त्यात अडकली आणि राजधानी नॉम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाला त्यांना सोडवावं लागलं. खऱ्या नोकरीत मालक कामगार मंत्रालयाचा वर्क परमिट काढून देतो आणि आधी करार पाठवतो.

पोहोचायचं कसं

मुंबईहून बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूर करत नॉम पेन्ह गाठायचं. सप्टेंबर २०२५ पासून राजधानीची विमानं शहराच्या दक्षिणेला असलेल्या नव्या तेचो विमानतळावर उतरतात. तिथून थेट काम्पोटची टॅक्सी केली तर शहरातली कोंडी टळते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, वेळ तीन-साडेतीन तास. शहरातून मिनीव्हॅन स्वस्तात मिळते. २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालेली रेल्वेही आहे. ती भातखाचरांतून रमतगमत येते, व्हॅनपेक्षा वेळ जास्त घेते, पण पाय पसरून बसता येतं. घाई नसेल तर एकदा तरी तिने या.

बँकॉकहून बसने यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आणि जमिनीवरचे नाके बंद पडले. काम्पोट त्या भागापासून लांब आहे, पण तुमची बस नाही.

पहिला महिना: लॉज, मग घर

ऑनलाइन बघून घर ठरवू नका. आठवडाभर लॉजवर राहा, भाड्याने दुचाकी घ्या आणि ‘भाड्याने देणे’च्या पाट्या बघत फिरा. जुन्या बाजाराजवळच्या फ्रेंच आणि चिनी धाटणीच्या दुकानांवरच्या खोल्या दिसायला देखण्या, पण रात्री खाली गाणं चालू असतं. नदीपलीकडे शांतता मिळते, डासही मिळतात. दोन खोल्यांचं साधं घर आम्हाला अडीचशे डॉलरला मिळालं. पोहण्याचा तलाव आणि बाग हवी असेल तर आकडा लगेच दुप्पट होतो.

करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या. एक, अनामत किती आणि परत कधी. दोन, विजेचा दर: सरकारी वीज कंपनीच्या बिलाप्रमाणे की मालक सांगेल त्याप्रमाणे? बरेच मालक युनिटमागे स्वतःचा दर लावतात आणि एसी लावला की महिन्याच्या शेवटी भाड्याइतकंच बिल हातात येतं. तीन, पंप बिघडला तर खर्च कोणाचा.

सही झाल्यावर घरमालकीणबाईंनी लाल शाईची डबी पुढे केली. मी पेन दाखवलं, सही केलीय म्हणालो. त्या हसल्या, माझा अंगठा धरला, डबीत दाबला आणि कागदावर टेकवला. मग त्यांनी स्वतःचाही टेकवला. आपल्याकडे अंगठा म्हणजे अडाणी माणूस. तिथे मात्र लाल अंगठ्याशिवाय कागदाला कोणी कागद म्हणत नाही.

पैसे: डॉलर, रिएल आणि फाटकी नोट

दोन्ही चलनं एकत्र चालतात. एका डॉलरला चार हजारांच्या थोडे वर रिएल. भाडं, व्हिसा, मोठी खरेदी डॉलरमध्ये. भाजी, चहा, सुट्टे रिएलमध्ये. सेंटची नाणी नाहीत, त्यामुळे दीड डॉलरची वस्तू घेऊन दोन डॉलर दिले की दोन हजार रिएल परत येतात. पहिले काही दिवस डोकं गरगरतं.

डॉलरची नोट कोरी हवी. पहिल्या महिन्याच्या भाड्यात मी दिलेल्या एका शंभराच्या नोटेला कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. मालकीणबाईंनी ती उजेडात धरली, बोट फिरवलं आणि न बोलता माझ्यापुढे सरकवली. ती नोट शेवटी नॉम पेन्हच्या सराफाने बट्टा लावून घेतली. म्हणून मुंबईत डॉलर घेताना प्रत्येक नोट तपासा, एजंट कितीही वैतागला तरी.

दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती आला की स्थानिक बँकेत खातं उघडा. आपल्या यूपीआयसारखा तिथे केएचक्यूआर आहे. भाजीवालीच्या टोपलीलाही तो चिकटवलेला असतो.

बोलणं आणि खाणं

चार शब्द शिकून जा. हात जोडून ‘जुम रीप सुओ’ म्हणजे नमस्कार, ‘ऑर्कुन’ म्हणजे आभार. वयाने थोड्या मोठ्या बाई-पुरुषाला ‘बोंग’ म्हणायचं. दादा आणि ताई, दोन्हीचं काम एकच शब्द करतो. वेटरला हाक मारायलाही तोच.

आकडे मजेशीर आहेत. मोई, पी, बै, बुओन, प्राम: इथपर्यंत पाच. सहा म्हणजे प्राम-मोई, पाच आणि एक. सात म्हणजे पाच आणि दोन. बाजारात पालेभाजीवाली एका हाताची बोटं मिटून दुसऱ्या हाताची उघडायला लागली की समजायचं, पाचाच्या वर चाललंय. पहिले पाच पाठ करा, बाकीचे आपोआप येतात.

शाकाहाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. ‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटलीतही ‘तुक त्रै’, म्हणजे मासळीचं पाणी, असतं. प्राहोक नावाची आंबवलेली मासळी तर चवीचा पायाच आहे. ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. ‘बुओस’ हा शब्द वापरा, म्हणजे व्रताचं, शाकाहारी जेवण. तरी घरी शेगडी हवीच. तांदूळ, नारळ मिळतात, कढीपत्ता सोडला तर बाकीही बरंच मिळतं. तूरडाळ आणि हिंग मात्र आम्ही नॉम पेन्हच्या भारतीय दुकानातून आणायचो. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. शेजारच्या केप गावाच्या बाजारात जिवंत कुर्ली निवडून द्यायची आणि हिरव्या मिरीचे घोस घालून परतून घ्यायची. मालवणी माणूसही गप्प बसून खातो.

दुखणंखुपणं: तापाकडे दुर्लक्ष नको, पावसात डेंग्यू असतो. कुत्रं चावलं तर त्याच दिवशी रेबीजची लस. किरकोळ उपचार गावात होतात. मोठं काही असेल तर नॉम पेन्ह, आणि त्याहून मोठं असेल तर लोक बँकॉकला जातात. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका.

रस्त्यावर

वाहनं उजव्या बाजूने चालतात. ऐकायला सोपं आहे. पण सकाळी झोपेत रस्ता ओलांडताना मान आपोआप उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते. माझा गुडघा त्याचीच साक्ष देतो. पहिले पंधरा दिवस गाडीच्या हँडलला डावीकडे चिकटपट्टी लावून ठेवली होती, ‘आधी इकडे बघ’ म्हणून. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला तिथे परवाना लागत नाही, पण तुमच्या विमा कंपनीला लागत असेल. ती अट निघण्याआधी वाचा.

आता गुंतवणूक

गावात येऊन महिना झाला की कोणीतरी चहाला बोलावतं आणि जमिनीचा विषय काढतं. ‘नदीकाठ आहे, स्वस्त आहे, पुढच्या वर्षी दुप्पट.’ जांभ्यासारखी लाल माती बघून आपलाही हात खिशाकडे जातो. थांबा.

परदेशी माणसाला कंबोडियात जमीन घेता येत नाही. हे राज्यघटनेतच आहे, त्याला पळवाट नाही. जे मिळू शकतं ते असं. २०१० च्या कायद्याने बहुमजली इमारतीतला फ्लॅट परदेशी माणसाच्या नावावर होतो. तळमजला नाही, इमारतीतले सत्तर टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना, आणि जमिनीवरच्या सीमेपासून तीस किलोमीटरच्या आत सहसा नाही. या शेवटच्या अटीकडे नीट बघा. केप व्हिएतनामच्या सीमेच्या इतकं जवळ आहे की तिथला ‘सी-व्ह्यू फ्लॅट’ घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. माहितीपत्रकात तो नसतो.

दुसरा मार्ग दीर्घ भाडेपट्टा. पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त, कमाल पन्नास. तो लेखी असावा आणि भूमापन कार्यालयात नोंदवलेला असावा, तरच मालक बदलला तरी टिकतो. नुसता कागद आणि लाल अंगठे यावर तीस वर्षांचं भाडं आगाऊ मोजू नका.

तिसरा मार्ग तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकवला जाईल: स्थानिक माणसाच्या नावावर जमीन, किंवा एक्कावन्न टक्के स्थानिक वाटा असलेली कंपनी. कागदावर ती जमीन त्यांची असते. संबंध गोड आहेत तोवर ठीक. तो माणूस वारला, त्याचा घटस्फोट झाला किंवा त्याने कर्ज काढलं तर तुम्ही कोण? आमच्या गल्लीतला एक युरोपीय गृहस्थ स्वतः बांधलेल्या घरात शेवटी भाडेकरू म्हणून राहत होता.

कागद बघताना दोन शब्द लक्षात ठेवा. ‘हार्ड टायटल’ म्हणजे भूमापन खात्यात नोंदलेला पक्का मालकी हक्क, नकाशासकट. ‘सॉफ्ट टायटल’ म्हणजे गावपातळीवरच्या कार्यालयाचं पत्र. गावाबाहेरच्या पुष्कळ जमिनी सॉफ्टवरच चालतात आणि एकच तुकडा दोघांना विकला जाण्याचे प्रकार तिथेच होतात. भाडेपट्टा घ्यायचा तरी हार्ड टायटलवाल्याकडून घ्या आणि वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको, स्वतः शोधलेला हवा.

सध्या फुनान तेचो कालव्याच्या नावाने बराच बाजार तापवला जातो. मेकाँग नदीपासून केपच्या समुद्रापर्यंतचा हा कालवा, मूळ आराखड्यात १८० किलोमीटरचा. ५ ऑगस्ट २०२४ ला कामाचा नारळ फुटला. तो काम्पोट प्रांतातूनही जातो. पण ‘कालव्याला लागून’ म्हणून दाखवलेला प्लॉट आम्ही दुचाकीने शोधायला गेलो तेव्हा पाऊण तास चालवूनही कालव्याची खूण दिसली नव्हती. समृद्धी महामार्गाच्या वेळी आपल्याकडे काय काय विकलं गेलं ते आठवा.

आणि मिरी. काम्पोटची मिरी जगात नाव असलेली: फ्रेंच काळात पॅरिसच्या स्वयंपाकघरात गेली, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या १९७५ ते १९७९ या काळात मळे उजाड झाले, नंतर मोजक्या घराण्यांनी वेल पुन्हा उभे केले. २०१० मध्ये तिला कंबोडियात भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये युरोपीय संघात. त्यामुळे ‘मिरीच्या मळ्यात भागीदार व्हा’ अशा योजना पाहुण्यांना विकल्या जातात. आपल्याकडे मिरी सुपारीवर, आंब्यावर चढते. तिथे खास खांब रोवून, वर झावळ्यांची सावली करून वाढवतात, आणि पहिलं धड पीक यायला तीन वर्षं. खत, सावली, तोडणी, लाल-पांढरी-काळी वेगळी करणारे हात, सगळा खर्च आधी. मानांकनाचं नावही संघटनेचे नियम पाळणाऱ्या सदस्य मळ्यांनाच वापरता येतं, शेजारच्या शेताला नाही. माझं मत विचाराल तर मिरी विकत घ्या, मळा नको.

एवढं करूनही पैसे लावायचेच असतील तर इकडची बाजू बघा. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, बँकेतून, ए-२ अर्ज भरून. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी रक्कम गेली की बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातलं बँक खातं आणि मालमत्ता विवरणपत्राच्या एफए परिशिष्टात दाखवावीच लागते. तुमच्या सीएला निघण्याआधी भेटा. हवालाने पाठवून देतो म्हणणारा भेटेलच. त्याचा चहाही पिऊ नका.

भटकंती

बोकोरला गाडी वरपर्यंत जाते, हजार मीटरच्या वर. फ्रेंचांनी आपल्या महाबळेश्वरसारखं थंड हवेचं ठिकाण केलं होतं. १९२५ चं जुनं हॉटेल अजून कड्यावर उभं आहे. खाली घाम गाळत निघालात तरी वर धुकं आणि गारठा असतो, स्वेटर घ्या. ब्रेक तपासून घ्या, उतार लांबलचक आहे.

केपहून होडीने ससा बेट एका दिवसात होतं. व्हिएतनामचं हा तिएन सीमेपलीकडे लगेच आहे आणि तिथून फु क्वोक बेटाची बोट सुटते. व्हिएतनामचा ई-व्हिसा मात्र घरून काढून निघा, आणि परत येताना तुमच्या कंबोडियन व्हिसावर पुन्हा प्रवेश आहे ना ते बघा.

भाद्रपदात तिथे असाल तर प्चुम बेन चुकवू नका. ख्मेर महिने चेत, पिसाक, स्राप, फोत्रबोत असे आहेत, वाचताच ओळख पटते. फोत्रबोतच्या वद्य पक्षात पंधरा दिवस पितरांना भात वाहतात. ‘बेन’ म्हणजे पिंड. आपला पितृपक्ष चालू असतानाच शेजारीण पहाटे चारला भाताचे गोळे घेऊन देवळात निघालेली दिसते. त्या शेवटच्या तीन दिवसांत बसचं तिकीट मिळत नाही, आधीच काढा.

गावापासून दुचाकीने अर्ध्या तासावर फ्नोम छ्नोर्कची गुहा आहे. भातखाचरांतून वाट, मग पायऱ्या, आणि गुहेच्या पोटात सातव्या शतकाच्या सुमाराचं विटांचं छोटं शिवमंदिर. वरून चुनखडीचे लोंब खाली उतरून जणू देवळाला टेकलेत. पायथ्याशी पोरं बॅटरी घेऊन उभी असतात आणि दगडात हत्ती, कासव दाखवत पुढे चालतात. सकाळी लवकर जा, पायात पकड असलेली चप्पल घाला, आणि खिशात हजार-दोन हजार रिएलच्या सुट्ट्या नोटा ठेवा. वीस डॉलरची नोट मोडायला तिथे कोणी नसतं.